शेकडा दोनचं व्याज शेकडा तीन कसं झालं: एका छोट्या इंटरप्रिटरचं प्रकरण

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या भाचीने सहा आठवड्यांत एक छोटी स्क्रिप्टिंग भाषा आणि तिचा इंटरप्रिटर, म्हणजे त्या भाषेतला प्रोग्राम वाचून चालवणारा प्रोग्राम, तयार केला. भाषेचं नाव 'पाटी'. भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सांगलीला. मी पुण्यात प्रोग्रामिंगचंच काम करतो. शनिवार-रविवारी ताईकडे जाऊन आणि मधल्या दिवशी फोनवरून मी तिच्यासोबत बसत होतो, पण कोडची ओळन् ओळ तिने लिहिली. पायथॉनमध्ये सगळं मिळून सहाशेच्या आसपास ओळी झाल्या. कुठे काय अडलं, का अडलं आणि कसं सुटलं ते इथे मांडतो, कारण भाषा बनवायला बसणाऱ्या कुणालाही यातल्या बहुतेक अडचणी याच क्रमाने भेटतील. आणि देवनागरीत काम करणाऱ्याला दोन-तीन जास्तीच्या भेटतील.

सुरुवातीला मी एकाच गोष्टीचा आग्रह धरला: इंटरप्रिटरची पहिली ओळ लिहिण्याआधी, या भाषेत चालायला हवा असा एक खरा प्रोग्राम कागदावर लिही. प्रोग्राम घरातच होता. ताई तिच्या बचत गटाची सचिव आहे. बारा बायका, महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये, कर्जावर महिन्याला शेकडा दोन व्याज आणि चुकलेल्या हप्त्यावर शेकडा तीन दंड. हा हिशेब ताई वहीत करते आणि तो चुकत नाही. म्हणजे आमच्या प्रोग्रामचं उत्तर ताडून बघायला पक्की वहीही हाताशी होती.

समोर असा प्रोग्राम नसला की शिकताना केलेली भाषा चारी दिशांना वाढते. क्लास हवेत, फाइल वाचता यायला हवी, इंटरनेटवरून काही आणता यायला हवं. हिशेबाचा कागद भिंतीवर चिकटवल्यावर भाचीच प्रत्येक वेळी विचारायची, "हे त्या कागदाला लागतं का?" बहुतेक वेळा लागत नव्हतं.

दुसरा निर्णय: लेक्सर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) आणि पार्सर (त्या शब्दांची वाक्यं जुळवणारा भाग) दोन्ही हाताने लिहायचे. असे भाग आपोआप तयार करून देणारी लेक्स आणि यॅक ही साधनं १९७५ पासून आहेत, बेल लॅब्जमध्ये तयार झालेली. लेक्स माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांचं, यॅक स्टीफन जॉन्सन यांचं. चांगली साधनं आहेत, मी स्वतः वापरली आहेत. पण त्यांनी तयार केलेल्या तक्त्यात काही चुकलं तर शिकणाऱ्याला बोट ठेवायला जागा मिळत नाही. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये व्याकरणाचा एक नियम म्हणजे एक फंक्शन, नाव दिलेला कोडचा एक तुकडा. चूक कुठल्या नियमात आहे ते फंक्शनच्या नावावरून कळतं.

तिसरा निर्णय तिचा होता. भाषेतले शब्द मराठी हवेत. मी थोडा कचरलो, कारण देवनागरीचा लेक्सर म्हणजे जास्तीचं काम. ब्राझीलमध्ये १९९३ साली तयार झालेल्या लुआचं नाव पोर्तुगीज आहे, 'चंद्र' या अर्थाचं, पण तिचे आतले शब्द मात्र इंग्रजी ठेवले. सोपा रस्ता तोच. पण नंतर बघितलं तर सगळ्यात जास्त शिकवणारे प्रश्न याच निर्णयातून निघाले.

वेलांटी अक्षर नाही

लेक्सरचं काम साधं: मजकूर एकेक चिन्ह करत वाचायचा आणि त्याची टोकनं पाडायची. नाव, आकडा, खूण, राखीव शब्द. भाचीने पहिल्याच दिवशी ते लिहिलं आणि पहिली ओळ दिली:

शिल्लक = ५०० ठेव

उत्तर आलं, 'ओळ १: अनोळखी चिन्ह', आणि त्यापुढे एक ठिपक्यांचं वर्तुळ, त्याला लागलेली नुसती वेलांटी.

नाव कुठे संपतं हे ओळखायला तिने पायथॉनचं 'हे अक्षर आहे का' असं विचारणारं तयार फंक्शन वापरलं होतं. 'शिल्लक' हा शब्द आपण तीन अक्षरांचा म्हणतो: शि, ल्ल, क. संगणकात अक्षरं साठवायच्या यूनिकोड पद्धतीत ती सहा चिन्हं आहेत: श, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त, ल, क. त्यातली चारच 'अक्षर' या वर्गात येतात. वेलांटी आणि हलन्त हे जोडचिन्हांच्या वर्गात आहेत, त्यामुळे त्या फंक्शनने त्यांना नाही म्हटलं आणि नाव 'श' वरच तुटलं. डोळ्यांना वेलांटी श च्या आधी दिसते, साठवताना ती श च्या नंतर असते. हेही तिला त्याच दिवशी कळलं.

उपाय असा: नावाची सुरुवात अक्षरानेच व्हायला हवी, पुढे मात्र अक्षर, जोडचिन्ह, अंक किंवा अधोरेषा काहीही चालेल. प्रत्येक चिन्हाचा यूनिकोड वर्ग पायथॉन सांगतोच. दोन ओळींचा बदल होता.

मग आकडे. सी शिकताना सगळे शिकतात तसं तिने अंकाच्या कोडमधून इंग्रजी शून्याचा कोड, म्हणजे ४८, वजा केला होता. '५' चा कोड २४११, त्यातून ४८ गेले की उरतात २३६३. '०' चा २४०६, तिथे उरतात २३५८. दहाने गुणत पुढे गेल्यावर ५०० चे झाले २,६२,२३८. हा आकडा कुठून आला हे तिने कागदावर स्वतः गुणाकार करून शोधलं. मी उत्तर सांगणार होतो, ताईने मला डोळ्यांनी थांबवलं. बरं झालं. वीस मिनिटं गेली, पण अक्षराचा कोड आणि त्याची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला आता पुन्हा कुणी सांगायला नको. देवनागरी अंकातून २४०६ वजा करायचे, एवढाच तो उपाय.

तिसरी अडचण आठवडाभराने आली आणि ती खरोखर त्रासदायक होती. प्रोग्रामचा काही भाग तिने लॅपटॉपवर लिहिला होता, काही फोनवर. 'दुसऱ्या_महिन्याचं_व्याज' असं एक नाव होतं. एका ठिकाणी ते चाललं, दुसऱ्या ठिकाणी 'अनोळखी चिन्ह:' असं म्हणून पुढे काहीच नाही. दोन टिंबांनंतर कोरी जागा. चूक आहे पण दिसत नाही.

ऱ्य मधला तो आडवा र साठवायच्या दोन रीती आहेत. एक, नुक्त्याचा ऱ, हलन्त, य. दुसरी, साधा र, हलन्त, मग शून्य रुंदीचा एक जोडक, मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. दुसऱ्या रीतीतला जोडक ना अक्षर ना जोडचिन्ह, तो वेगळ्याच वर्गात येतो, म्हणून आमच्या नियमाने त्याला अडवलं. आणि अडवलं नसतं तर आणखी वाईट झालं असतं: दोन सारखी दिसणारी नावं दोन वेगळे व्हेरिएबल ठरली असती. तिने लेक्सरमध्ये नावं वाचतानाच र, हलन्त, जोडक ही त्रयी ऱ आणि हलन्त अशी बदलून घेतली. अवतरणातला मजकूर मात्र जसाच्या तसा ठेवला, कारण तो लिहिणाऱ्याचा आहे, भाषेचा नाही. हा भेद तिने स्वतःहून केला. मला फार आवडला.

वाक्य क्रियापदाने संपतं

व्याकरण ठरवताना आमचा खरा वाद झाला. मी म्हणत होतो, 'छाप शिल्लक' असं लिहू. पहिला शब्द बघितला की पार्सरला कळतं पुढे काय येणार: 'छाप' दिसलं तर छापायचा नियम, 'दे' दिसलं तर उत्तर परत द्यायचा नियम. हाताने लिहिलेल्या पार्सरला ही रचना सगळ्यात सोयीची.

"मामा, 'छाप शिल्लक' असं कोण बोलतं? 'शिल्लक छाप' म्हणतात."

"पार्सरला मग वाक्य संपेपर्यंत कळणारच नाही ते कशाचं वाक्य आहे."

"आपल्याला तरी कुठे कळतं? 'मी उद्या कोल्हापूरला...' एवढं ऐकून तुला कळतं का, जाणार आहे की जाणार नाही?"

तिने करून दाखवलं. पार्सर आधी नुसती राशी, म्हणजे 'शिल्लक' किंवा 'हप्ता + दंड' असा किमतीचा भाग, वाचतो, ती संपली की पुढचं टोकन बघतो. 'छाप' असेल तर छापायचं, 'दे' असेल तर परत द्यायचं, 'कर' असेल तर फंक्शन नुसतं चालवायचं. राशीनंतर बरोबरचं चिन्ह आलं तर डावीकडे एकटं नावच आहे ना हे तपासायचं, उजवी राशी वाचायची आणि 'ठेव'ची वाट बघायची. अवघड काहीच नव्हतं.

आणि त्यातून एक फायदा निघाला, जो मला आधी दिसला नव्हता. मी सुचवलेल्या रचनेत 'ठेव' नव्हतं. तिच्या रचनेतही ते नसतं आणि अशा दोन ओळी आल्या असत्या तर:

उरलेलं = शिल्लक
(हप्ता + दंड) छाप

पार्सर ओळ कुठे तुटते हे बघत नाही. त्याच्या दृष्टीने 'शिल्लक' नंतर कंस आला, म्हणजे शिल्लक नावाच्या फंक्शनला हाक मारली. जावास्क्रिप्टमध्ये अर्धविराम गाळणाऱ्यांना हा खड्डा चांगला माहीत आहे. पाटीत प्रत्येक विधान क्रियापदाने संपतं, त्यामुळे 'उरलेलं = शिल्लक ठेव' झालं की वाक्य मिटलं. अर्धविराम नको आणि ओळींचे नियमही नकोत. क्रियापद हाच पूर्णविराम. मी माझी सूचना मागे घेतली.

जोडशब्दांनीही असंच काम सोपं केलं. 'जर' च्या अटीनंतर 'तर' येतंच, 'जोवर' नंतर 'तोवर' येतंच. अट कुठे संपली हे सांगायला कंस लागला नाही. ठोकळा संपला की 'बस'.

एका ठिकाणी मात्र मराठीपुढे थांबावं लागलं. तिला 'हप्त्यात ६०० ठेव' असं लिहायचं होतं. पण 'हप्ता' चं 'हप्त्यात' होताना नावच बदलतं. सामान्यरूप होतं आणि मग प्रत्यय चिकटतो. 'व्याज' चं 'व्याजात', 'रक्कम' चं 'रकमेत', 'शिल्लक' चं 'शिलकेत'. हे उलगडायला लेक्सरला मराठीचं व्याकरण आणि शब्दकोश दोन्ही लागतील. दोन दिवस तिने प्रयत्न केला, नियम लिहिले, अपवाद सापडत गेले. शेवटी तिनेच वहीत लिहिलं: 'नावाला विभक्ती लागणार नाही.' कशाला नाही म्हणायचं हे ठरवणं हाही भाषा करण्याचाच भाग आहे.

गणिताच्या प्राधान्याचा भाग लवकर झाला. आधी तिने डावीकडून उजवीकडे सरळ हिशेब केला आणि १००० + ५०० * २ चे ३००० आले. मग बेरजेचा नियम आत गुणाकाराच्या नियमाला बोलावतो अशी फंक्शनं केली. नियम पुस्तकात लिहितात तसा लिहायला गेली, बेरीज म्हणजे 'बेरीज + गुणाकार', तर फंक्शन काहीही न वाचता स्वतःलाच बोलावत सुटलं आणि पायथॉनने हजार पातळ्यांच्या मर्यादेवर थांबवलं. उलटं लिहिलं, 'गुणाकार + बेरीज', तर १०००० - ३००० - २००० चे ९००० आले, कारण आधी उजवीकडची वजाबाकी झाली. शेवटी लूप: एक पद वाच, पुढे अधिक-उणे आहे तोवर पुढचं पद वाचून डावीकडच्याला जोडत जा. ५००० आले.

बारातल्या दोघी

आता मुख्य गोष्ट. चौथ्या आठवड्यात पार्सर तयार होता. प्रोग्रामच्या रचनेचं, कशाच्या आत काय आहे ते दाखवणारं, एक झाड तयार होत होतं, आणि त्या झाडावर फिरून हिशेब करणारं फंक्शन, ज्याला सगळेच 'इव्हॅल' म्हणतात, तेही चालत होतं. प्रश्न उरला होता नावांचा. 'दर' असं दिसलं की त्याची किंमत कुठे शोधायची?

सुरुवातीला एकच डिक्शनरी, म्हणजे नावं आणि त्यांच्या किमती यांचा एक तक्ता, होती. सगळी नावं त्यात. पहिल्याच फंक्शनमध्ये ती मोडली: व्याज(रक्कम) ला हाक मारली की बाहेरची 'रक्कम' पुसली जायची. म्हणून प्रत्येक हाकेला नवी डिक्शनरी, आणि नाव तिथे नसेल तर मागच्या डिक्शनरीत बघायचं, अशी साखळी केली. मागची म्हणजे कुणाची? तिने सहज, विचार न करता, हाक मारणाऱ्याची घेतली. मीही तो कोड वाचला आणि मला काही खटकलं नाही.

त्याच वेळी नवं नाव करणं आणि जुन्या नावाची किंमत बदलणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायचं ठरलं. नवं करायचं तर तसं लिहायचं, नुसतं 'ठेव' केलं आणि नाव कुठेच नसेल तर चूक दाखवायची. त्यामुळे 'शिल्लक' च्या जागी 'शिलक' लिहिलं गेलं तर लगेच पकडलं जातं. शब्द ठरवला 'नवा', आणि दहा मिनिटांत ती म्हणाली, "'नवा रक्कम' वाचवत नाही रे." म्हणून नवा, नवी, नवं हे तिन्ही शब्द लेक्सर एकाच टोकनात बदलतो. दर पुल्लिंगी, रक्कम स्त्रीलिंगी, कर्ज नपुंसकलिंगी, लिहिणाऱ्याने आपल्या कानाने लिहावं.

प्रोग्राम असा होता ('काम' म्हणजे नवं फंक्शन):

नवा दर = २ ठेव

काम व्याज(रक्कम)
    रक्कम * दर / १०० दे
बस

काम देणं(कर्ज, चुकलेला_हप्ता)
    नवा दर = ३ ठेव
    व्याज(कर्ज) + चुकलेला_हप्ता * दर / १०० दे
बस

रविवारी दुपारी तिने बाराजणींची यादी काढली आणि ताईसमोर ठेवली. ताईने चष्मा लावला, वही उघडली आणि पेन्सिलीने एकेका आकड्यापुढे टिचकी करत गेली. सहाव्या नावावर थांबली.

"हे तीनशे तीस कसं? दोनशे तीस हवेत. दहा हजारांचं व्याज दोनशे, हजाराच्या हप्त्यावर दंड तीस."

"आई, बाकी सगळ्यांचं बरोबर येतंय."

"बाकीच्यांनी हप्ता चुकवलेला नाही." ताई पुढे गेली. नवव्या नावावर पुन्हा थांबली. "हीसुद्धा. शंभराने जास्त. हिचंही कर्ज दहा हजार आहे." मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "अगं, ह्या दोघींना तुम्ही व्याजच शेकडा तीनने लावलंय."

ताईला प्रोग्रामिंग येत नाही. पण निदान तिने अचूक केलं. देणं() ने स्वतःपुरता 'दर' तीन केला, फक्त दंडासाठी. मग त्याने व्याज() ला हाक मारली. व्याज() ला स्वतःच्या डिक्शनरीत 'दर' सापडला नाही, म्हणून त्याने हाक मारणाऱ्याकडे बघितलं. हाक मारणारा होता देणं(), तिथे दर तीन. बाकी दहाजणींसाठी व्याज() ला थेट मुख्य प्रोग्राममधून हाक होती, म्हणून तिथे दोनच सापडला. तेच फंक्शन, तीच रक्कम, आणि कोण बोलावतंय त्यावर उत्तर बदलतंय.

मी भाचीला विचारलं, व्याज() लिहिताना तुझ्या मनात कुठला दर होता? ती म्हणाली, वरचा. दोन. "मग व्याज()ला तो वरचा दर लक्षात ठेवायला हवा. कोण बोलावतं याच्याशी त्याचा काय संबंध?"

ती बराच वेळ गप्प होती. मग कागदावर चौकोन काढले. एक चौकोन मुख्य प्रोग्रामचा, एक देणं() चा, एक व्याज() चा. व्याज() च्या चौकोनातून देणं() कडे जाणारा बाण खोडला आणि थेट मुख्य चौकोनाकडे नवा काढला. कोडमधला बदल तीन ओळींचा निघाला: 'काम' वाचताना फंक्शनसोबत त्या क्षणीची डिक्शनरीही साठवायची, आणि हाक आली की नव्या डिक्शनरीची मागची कडी म्हणून हाक मारणाऱ्याची नाही, ती साठवलेली लावायची.

पुन्हा चालवलं. २३०.

हीच चूक प्रोग्रामिंगच्या इतिहासात फार मोठ्या माणसांकडून झालेली आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या आपल्या भाषेवरचा लेख १९६० मध्ये प्रसिद्ध केला. त्यातलं इव्हॅल त्यांच्यासाठी कागदावरचं फंक्शन होतं, स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या संगणकावर प्रत्यक्ष उतरवलं आणि लिस्पला इंटरप्रिटर मिळाला. जेम्स स्लॅगल यांच्या एका प्रोग्रामचं उत्तर चुकलं तेव्हा लक्षात आलं की आत वापरलेलं नाव भलत्याच ठिकाणची किंमत उचलतंय. मॅकार्थींनी पुढे लिहून ठेवलं आहे की आपल्याला ही साधी चूक वाटली होती, रसेल ती दुरुस्त करतील अशी खात्री होती. दुरुस्तीसाठी खास तरतूद करावी लागली, आणि लिस्पच्या अनेक आवृत्त्यांमध्ये हाक मारणाऱ्याकडे बघायची रीत पुढे वर्षानुवर्षं टिकली. अल्गोल ६० या भाषेत नावाचा अर्थ ते जिथे लिहिलंय त्या जागेवरून ठरत होता. लिस्पच्या घराण्यात ती रीत १९७५ साली सस्मन आणि स्टील यांच्या स्कीमने पक्की केली.

हे मी भाचीला आधी सांगितलं असतं तर तिने व्याख्या पाठ केली असती: लेक्सिकल स्कोप (लिहिलेल्या जागेवरून अर्थ), डायनॅमिक स्कोप (हाक मारणाऱ्यावरून अर्थ), प्रत्येकी दोन गुण. आता तिच्याकडे दोन बायकांचे शंभर-शंभर रुपये आहेत.

त्या रात्री तिने मला न विचारता आणखी एक प्रोग्राम लिहिला:

काम गणक()
    नवी संख्या = ० ठेव
    काम पुढचा()
        संख्या = संख्या + १ ठेव
        संख्या दे
    बस
    पुढचा दे
बस

नवा पहिला = गणक() ठेव
नवा दुसरा = गणक() ठेव
पहिला() छाप
पहिला() छाप
दुसरा() छाप

आलं १, २, १. तिने फोन केला. "मामा, गणक() तर संपून गेलंय. मग 'संख्या' अजून जिवंत कशी? आणि दोघांची वेगवेगळी?" मी म्हटलं, तू काढलेले बाण बघ. पलीकडे कागदाचा आवाज आला, मग "हां" एवढंच, आणि फोन ठेवला. आपली डिक्शनरी सोबत बाळगणाऱ्या अशा फंक्शनला क्लोजर म्हणतात, हे मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

उरलेली कामं

'दे' ने थोडा वेळ घेतला. लूपच्या आत, त्यातल्या 'जर'च्या आत 'दे' आलं तरी फंक्शन तिथेच थांबायला हवं. आमचं इव्हॅल उत्तर घेऊन एकच पातळी वर यायचं आणि लूप पुढे चालू राहायचा. पायथॉनचं एक्सेप्शन, म्हणजे मधल्या पातळ्या सोडून थेट वर पोचणारा इशारा, वापरून सोडवलं: 'दे' ते फेकतं, फंक्शनची हाक ते पकडते. झाडावर फिरणाऱ्या इंटरप्रिटरमध्ये ही नेहमीची युक्ती आहे.

चुकांच्या संदेशांवर मी तिला पूर्ण आठवडा घालवायला लावला, आणि तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. 'बस' राहून गेलं की पार्सरला ते फाइलच्या शेवटी कळतं, म्हणून पहिली आवृत्ती म्हणायची, 'ओळ ४१: बस अपेक्षित'. एकेचाळिसाव्या ओळीवर काहीच नसायचं. आता ठोकळा उघडताना त्याची ओळ लक्षात ठेवली जाते आणि संदेश येतो, 'ओळ १२ वरच्या जोवर-ला बस मिळालं नाही'. ज्याने भाषा वापरली नाही त्यालाही तो कळतो. ताईने वाचून दाखवला.

वेग बेताचा आहे. दहा लाख फेऱ्यांचा लूप पायथॉनपेक्षा कित्येक पटींनी हळू चालतो, कारण प्रत्येक फेरीत तेच झाड पुन्हा उतरावं लागतं आणि ते उतरणाराही पायथॉनच आहे. रूबीसारखी जगभर वापरली जाणारी भाषाही २००७ मधली १.९ आवृत्ती येईपर्यंत झाडावरच फिरत होती. बाराजणींच्या हिशेबाला आमचा वेग पुरतो, आणि झाड मोडून बाइटकोड, म्हणजे सरळ ओळीतल्या छोट्या सूचना, करायचा अभ्यास दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवला आहे.

पुन्हा करायला मिळालं तर मी एक गोष्ट बदलेन. चाचण्या पहिल्या दिवसापासून. नियम बदलला की जुना प्रोग्राम मोडलाय का हे आम्ही चौथ्या आठवड्यापर्यंत डोळ्यांनी बघत होतो. २३० च्या प्रकरणानंतर तिने प्रत्येक सापडलेल्या चुकीचा छोटा प्रोग्राम आणि त्याचं अपेक्षित उत्तर एका फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात केली. त्यात आज २,६२,२३८ चा प्रोग्राम आहे, न दिसणाऱ्या जोडकाचा आहे, ९००० चा आहे.

सध्या प्रोग्राममध्ये बाराजणींसाठी देण्याच्या आणि व्याजाच्या बारा वेगळ्या ओळी आहेत. त्यांची एक यादी करता यायला हवी, हे आता भिंतीवरच्या कागदालाच लागतंय. यादीतला पहिला घटक शून्यापासून मोजायचा की एकपासून, यावर फोनवर दोन दिवस बोलणं झालं. मी शून्याच्या बाजूचा. लुआमध्ये एकपासून मोजतात हे तिने शोधून आणलं होतं, पण तिचं मुख्य कारण ते नव्हतं. तिने आईच्या वहीचा फोटो पाठवला. डावीकडच्या रकान्यात 'अ. क्र.', आणि खाली १, २, ३, बारापर्यंत. पाटीतली यादी १ पासून सुरू होते.